अमेरिकेत कर्णबधिरांसाठी सरकारी खर्चाची फोनसेवा: कोणता अर्ज, कुठे आणि कोणत्या क्रमाने

अमेरिकेत ज्याला ऐकू येत नाही, कमी येतं किंवा ज्याचं बोलणं फोनवर समोरच्याला कळत नाही, अशा माणसाला फोनवर बोलण्यासाठी मध्यस्थ मिळतो. त्या मध्यस्थाचा पगार त्या माणसाने द्यायचा नसतो. तो देशभरच्या फोनग्राहकांच्या पैशांतून दिला जातो, आणि त्यात तुमचंही बिल आलं. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांपर्यंत ही माहिती सहसा पोचत नाही. मग शाळेचा फोन, आजोबांच्या डॉक्टरांची वेळ, बँकेची चौकशी हे सगळं घरातलं ऐकू येणारं माणूस करत राहतं, आणि ज्याचं काम आहे तो शेजारी बसून ‘काय म्हणाले?’ असं विचारत राहतो. हे बदलता येतं. त्यासाठी योग्य सेवेचा अर्ज योग्य ठिकाणी जायला हवा.

पैसे कुठून येतात

१९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा, म्हणजे अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट झाला. त्याच्या चौथ्या भागाने फोन कंपन्यांवर ‘रिले’, म्हणजे मध्यस्थामार्फत फोनवर बोलण्याची सेवा देण्याचं बंधन घातलं आणि २६ जुलै १९९३ पासून ती देशभर देणं सक्तीचं झालं. देखरेख एफसीसी या केंद्रीय दूरसंचार आयोगाची असते. कंपन्यांच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा रिले सेवांसाठीच्या टीआरएस फंडात जमा होतो आणि सेवा देणाऱ्या कंपन्यांना त्यातून मिनिटांच्या हिशोबाने पैसे मिळतात. हा फंड आता वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर गेला आहे. मिनिटांचा हिशोब लक्षात ठेवा, कारण पुढची बरीच कडक कलमं त्यामुळेच आली आहेत. खोटे कॉल दाखवून पैसे उकळण्याचे प्रकार झाले, म्हणून ओळखीची पडताळणी इतकी काटेकोर आहे.

अर्ज करण्याआधी चार योजना मनात वेगळ्या करा. फोनवरचा मध्यस्थ किंवा अक्षरं देते ती रिले सेवा. तिला उत्पन्नाची अट नाही. फोनचं उपकरण देतो तो राज्याचा कार्यक्रम. त्याचे नियम राज्यागणिक वेगळे. ऐकणं आणि दिसणं दोन्ही कमी असेल तर आयकॅनकनेक्ट. त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. बिलात सूट देते ती लाइफलाइन. ती कमी उत्पन्नासाठी आहे, अपंगत्वाशी तिचा थेट संबंध नाही. पुष्कळ लोक रिले कंपनीकडे श्रवणयंत्र मागतात किंवा राज्याच्या कार्यालयात दुभाषी मागतात. नकार येतो, आणि ‘आपल्याला काही मिळत नाही’ असा समज करून ते गप्प बसतात.

पहिली पायरी: ७११

७११ हा क्रमांक २००१ पासून देशभर चालतो आणि त्याला नोंदणी लागत नाही. व्हिसावर काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांनाही तो वापरता येतो. फोन लावला की ऑपरेटर येतो. त्याला हवा तो क्रमांक सांगायचा. तुम्ही टाइप केलेलं तो समोरच्याला वाचून दाखवतो आणि समोरच्याचं बोलणं तुम्हाला टाइप करून देतो. स्थानिक कॉलला वेगळं शुल्क नाही आणि लांबच्या कॉलला साध्या कॉलपेक्षा जास्त दर लावता येत नाही.

यासाठी पूर्वी टीटीवाय नावाचं टाइपरायटरसारखं यंत्र लागायचं. आज कुणी ते देऊ केलं तर घेण्याआधी घरची लाइन कुठली आहे ते पाहा. टीटीवायची अक्षरं आवाजाच्या सुरांतून जातात. इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनलाइनवर त्या सुरांचे तुकडे गळतात आणि पडद्यावर भलतीच अक्षरं उमटतात. आज घरात फोनलाइन असलीच तर ती बहुधा इंटरनेटवरचीच असते. त्यापेक्षा मोबाइलमधली आरटीटी (टाइप करताकरताच अक्षरं पुढे पोचवणारी) सोय वापरा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग आरटीटी/टीटीवाय. अँड्रॉइडमध्ये बहुधा फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग रिअल-टाइम टेक्स्ट. पर्याय दिसतच नसेल तर बहुधा तुमच्या मोबाइल कंपनीने तो त्या हँडसेटवर चालू केलेला नाही, कंपनीलाच विचारा. ऑफिसच्या फोनवरून ७११ लागत नसेल तर बहुतेक वेळा तिथल्या यंत्रणेत तो क्रमांक बसवलेला नसतो. आधी ९ दाबून पाहा, नाहीतर आयटी विभागाला सांगा.

बोलता येतं पण ऐकू येत नाही, अशांनी ऑपरेटरला ‘व्हीसीओ’ सांगायचं. मग तुम्ही स्वतःच्या आवाजात बोलता आणि फक्त उत्तर अक्षरांत येतं. पक्षाघात, सेरेब्रल पाल्सी किंवा घशाच्या शस्त्रक्रियेनंतर बोलणं अस्पष्ट झालं असेल तर ‘स्पीच टू स्पीच’ मागा. तिथला ऑपरेटर असं बोलणं ऐकायला सरावलेला असतो आणि तुमचं वाक्य स्पष्ट उच्चारात पुढे सांगतो. किमान २० मिनिटं तोच ऑपरेटर राहावा असा नियम आहे, कारण कान सरावायला वेळ लागतो. पक्षाघात झालेल्या ज्येष्ठांच्या घरच्यांनी ही सेवा एकदा तरी वापरून पाहावी. ती फार थोड्यांना माहीत असते.

कोणाला कोणती सेवा

वाढत्या वयात ऐकू कमी आलं असेल आणि इंग्रजी वाचता येत असेल, तर मथळे (कॅप्शन्स) दाखवणारा फोन, म्हणजे आयपी सीटीएस. समोरच्याचा आवाज येतोच, शिवाय त्याचे शब्द पडद्यावर उमटतात. कॅपटेल, कॅप्शनकॉल, क्लिअरकॅप्शन्स, इनोकॅप्शन ही त्यातली नावं. काहींचा टेबलावरचा फोन असतो, काहींचं मोबाइल अ‍ॅप. टेबलावरच्या फोनला इंटरनेट लागतं आणि बऱ्याच मॉडेलना वेगळी फोनलाइनही लागते, म्हणून मागवण्याआधी दोन्हींची खात्री करा. मथळे कधी माणूस तयार करतो, कधी संगणक. भारतीय आडनावं, औषधांची नावं आणि रकमा यांत चुका होतात. म्हणून आकडे समोरच्याकडून एकेक अंक वदवून घ्या आणि औषधाचं नाव स्पेलिंगसह विचारा.

मथळ्यांचा फोन नोंदणी केलेल्या माणसासाठीच असतो. मथळे चालू ठेवून तो नोंदणी न केलेल्या माणसाने वापरणं केंद्रीय कायद्याने मना आहे. तसं लेबलही फोनवर असतं. नातवंडांना हे समजावून सांगा.

खुणांच्या भाषेत बोलणाऱ्यांसाठी व्हीआरएस आहे. तुम्ही व्हिडिओवर खुणा करता, दुभाषी तुमचं म्हणणं इंग्रजीत बोलतो आणि उत्तर तुम्हाला खुणांत सांगतो. सोरेन्सन, झेडव्हीआरएस, पर्पल, कॉन्व्हो या कंपन्या ही सेवा देतात. तुम्हाला नेहमीसारखा दहा अंकी क्रमांक मिळतो. ऐकू येणाऱ्याने तो फिरवला की दुभाषी आपोआप मध्ये येतो. त्याला काही वेगळं करावं लागत नाही.

मात्र मराठी कुटुंबांची सगळ्यात मोठी अडचण इथेच आहे. व्हीआरएसची भाषा अमेरिकन साइन लँग्वेज, म्हणजे एएसएल. पुण्या-मुंबईच्या कर्णबधिर शाळांतून शिकलेला माणूस भारतीय खुणांची भाषा वापरतो, आणि या दोन भाषा वेगळ्या आहेत. बोटांनी अक्षरं दाखवण्याची पद्धतसुद्धा वेगळी: भारतात इंग्रजी वर्णमाला बहुधा दोन हातांनी दाखवतात, एएसएलमध्ये एका हाताने. नोंदणी होईल, पण पहिल्याच कॉलला दुभाष्याला काही कळणार नाही. म्हणून क्रम असा ठेवा. आल्याबरोबर मजकुरावर चालणारी आयपी रिले घ्या (ती टी-मोबाइलकडून मिळते, तिचं गिऱ्हाईक असण्याची गरज नाही) आणि त्याच वेळी एएसएलचे वर्ग लावा. स्थानिक कम्युनिटी कॉलेज किंवा कर्णबधिरांची संस्था यांच्याकडे चौकशी करा. रोजचे व्यवहार एएसएलमध्ये जमू लागले की व्हीआरएसकडे वळा. इंग्रजी वाचनही कच्चं असेल तर मोकळेपणाने मान्य करायला हवं की फोनची कामं काही काळ घरच्यांनाच करावी लागतील. अशा वेळी आधी भाषेत वेळ घाला, उपकरणं नंतर.

मराठी कॉलना या सेवांचा भरवसा धरू नका. रिलेच्या नियमांत इंग्रजी आणि स्पॅनिश आहेत, मराठी नाही. साताऱ्याच्या काकूंशी बोलायचं असेल तर व्हिडिओ कॉलवर थेट खुणा कराव्यात, किंवा दुसऱ्या फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीवर लावून स्पीकरजवळ ठेवावं.

नोंदणी आणि तिथली अडचण

७११ सोडून वरच्या इंटरनेटच्या सगळ्या सेवांना नोंदणी लागते. कंपनी पूर्ण नाव, जन्मतारीख, राहण्याचा पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक घेते. शिवाय ‘मला या सेवेची गरज आहे’ असं स्वतःचं प्रमाणपत्र सही करून द्यावं लागतं. खोटं लिहिलं तर तो गुन्हा ठरतो. उपलब्ध माहितीवरून तुमची ओळख पडताळली जाते आणि तिथे अर्ज अडकतात. कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण नाव. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधोमध, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते गळलेलं, आणि अर्जात घरच्या सवयीने तिसरंच लिहिलेलं. अर्जावर सोशल सिक्युरिटी कार्डावरचंच नाव, त्याच स्पेलिंगने लिहा. दुसरं कारण पत्ता. पोस्टाची पेटी चालत नाही, राहतं घर लागतं, आणि अपार्टमेंटचा क्रमांक विसरला की जुळणी फसते. तिसरं, नव्याने आलेल्या माणसाचा बँकेचा, भाड्याचा, बिलांचा माग अजून तयार झालेला नसतो, त्यामुळे माहिती बरोबर असूनही पडताळणी नापास होऊ शकते. नकाराचा संदेश आला म्हणून पुन्हा पुन्हा तोच अर्ज भरू नका. कंपनीला लिहा की कागदपत्रांवरून पडताळणी हवी आहे, आणि पासपोर्ट, राज्याचं ओळखपत्र, वीजबिल किंवा भाडेकरार पाठवा.

एच-४ व्हिसावर असलेल्या अनेकांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसतोच. त्यांच्यासाठीही हाच मार्ग आहे. क्रमांक नसल्यास पर्यायी कागदपत्रं घेण्याची नियमात तरतूद आहे. त्या जागी नवऱ्याचा किंवा बायकोचा क्रमांक लिहू नका. मात्र या सेवा अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहेत. पर्यटक व्हिसावर आलेल्या आजीच्या नावाने मथळ्यांचा फोन मागवू नका. तिला ७११ आणि आरटीटी पुरे.

नोंदणी करा म्हणून कुणी भेटकार्ड, पैसे किंवा बक्षीस देऊ केलं तर ते नियमाविरुद्ध आहे. ज्येष्ठांच्या मेळाव्यात ‘फुकट फोन’ देणाऱ्याकडे लगेच सही करू नका. घरी येऊन अर्ज वाचून मगच करा.

रिले वापरल्याने ग्रीनकार्डवर परिणाम होईल का, अशी धास्ती बरेच जण घेतात. रिले ही उत्पन्न पाहून दिलेली मदत नाही, ती सगळ्यांसाठी असलेली फोनसेवा आहे. लाइफलाइन किंवा एसएसआय (गरीब ज्येष्ठ आणि अपंगांना सरकारकडून मिळणारी मासिक रक्कम) यांसारख्या उत्पन्नावर आधारलेल्या मदतीचा अर्ज करण्याआधी मात्र इमिग्रेशन वकिलाला विचारा. ते नियम सरकारागणिक बदलतात.

उपकरण: राज्याचा कार्यक्रम

मोठ्या आवाजाचा फोन, दिवा लुकलुकवणारी घंटा, उशीखाली थरथरणारा इशारा, मोठ्या बटणांचा फोन हे राज्याच्या उपकरण-वाटपातून मिळतं. कॅलिफोर्नियात या कार्यक्रमाचं नाव कॅलिफोर्निया कनेक्ट. तिथे उत्पन्नाची अट नाही आणि फोन वापरायला मिळतो. टेक्सासमध्ये स्टॅप: तिथे व्हाउचर मिळतं, ते घेऊन विक्रेत्याकडे जायचं, आणि वस्तूची किंमत व्हाउचरपेक्षा जास्त असेल तर फरक आपण भरायचा. स्टॅपचं पुढचं व्हाउचर साधारणपणे पाच वर्षांनी मिळतं, म्हणून घाईने स्वस्तातला फोन उचलू नका. काही राज्यांत उत्पन्नाची अट आहे. तुमच्या राज्याचा कार्यक्रम शोधायला टेडपा या संघटनेची राज्यवार यादी उपयोगी पडते.

अर्जाचा साचा मात्र बहुतेक ठिकाणी सारखा: रहिवासी पुरावा, आणि ऑडिओलॉजिस्ट, डॉक्टर किंवा मान्य व्यावसायिकाची सही. सहीचा रकाना अर्धवट राहिल्याने कागद परत येतात. परवाना क्रमांक, तारीख आणि अपंगत्वाचा प्रकार हे तिन्ही भरलंय का, ते दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी पाहा.

फोन निवडताना आवाजवाढीचा आकडा वाचा. कानाला मोठ्या आवाजाची गरज असलेल्यांसाठीचे फोन ४० ते ५० डेसिबलपर्यंत आवाज वाढवतात. साधा फोन त्याच्या जवळपासही जात नाही. श्रवणयंत्र वापरत असाल तर त्यात टेलिकॉइल (फोनचा आवाज थेट यंत्रात घेणारा भाग) आहे का आणि ते चालू केलंय का, हे ऑडिओलॉजिस्टला विचारा. ते चालू नसलं तर महागडा फोनही शिट्टी मारत राहतो आणि दोष फोनला दिला जातो.

ऐकणं आणि दिसणं दोन्ही कमी असेल तर

आयकॅनकनेक्ट ही योजना सगळ्यात उदार आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी ऐकायला मिळतं. २०१० च्या कायद्याने दरवर्षी १ कोटी डॉलरपर्यंत रक्कम यासाठी ठेवली. २०१२ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेली योजना २०१७ पासून कायम झाली. आयकॅनकनेक्टमधून स्मार्टफोन, टॅबलेट, संगणक, ब्रेल डिस्प्ले, इशारा देणारी साधनं मिळतात. शिवाय ती बसवून देणं आणि शिकवणंही त्यात येतं. श्रवणयंत्र आणि चष्मा यांत बसत नाहीत.

यासाठी पूर्ण आंधळं किंवा पूर्ण बहिरं असावं लागत नाही. चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्मा लावूनही २०/२०० किंवा त्याहून कमी, किंवा दृष्टिक्षेत्र २० अंशांच्या आत, किंवा तिकडे घसरत जाणारा आजार. त्याजोडीला चांगलं श्रवणयंत्र लावूनही बहुतेक बोलणं न कळणं. आणि दोन्हींमुळे स्वतंत्रपणे जगणं, शिकणं किंवा नोकरी फार कठीण होणं. अशर सिंड्रोम (ऐकणं आणि दिसणं दोन्ही घटवणारा आनुवंशिक आजार) असलेली तरुण मुलं यात बसतात, आणि डोळ्यांच्या मॅक्युलाच्या विकाराबरोबर ऐकू न येणारे ज्येष्ठही.

उत्पन्नाची मर्यादा केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्के. २०२५ च्या आकड्यांनी सलग ४८ राज्यांत एकट्यासाठी ६२,६०० डॉलर, चौघांच्या घरासाठी १,२८,६००, सहाजणांसाठी १,७२,६००. अलास्का आणि हवाईला आकडे वेगळे. दरवर्षी ते नव्याने ठरतात. इथे मराठी घरांचा हिशोब चुकतो. आजोबांचं उत्पन्न शून्य म्हणून लोक अर्जात तेवढंच लिहितात. पण त्यांचा खर्च मुलगा करत असेल तर मुलाचा पगारही मोजला जातो. उलट बाजूने, मुलाचा पगार पाहून ‘आपण बसणार नाही’ असं ठरवताना घरातली माणसं मोजायची राहतात. दीड लाख डॉलर पगारावर चौघांचं घर बाहेर पडतं, पण आजी-आजोबा धरून सहाजण एकाच चुलीवर असतील तर ते आत बसतं. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा), एसएसआय किंवा अन्नमदत चालू असेल तर वेगळा हिशोब द्यावा लागत नाही.

क्रम असा: आयकॅनकनेक्टच्या संकेतस्थळावर राज्याचा संपर्क शोधा, अर्ज भरा, तुम्हाला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या व्यावसायिकाची साक्ष जोडा. डॉक्टरच हवा असं नाही. शिक्षक किंवा पुनर्वसन समुपदेशकही चालतात. मंजुरीनंतर कोणती साधनं लागतील याची पाहणी होते. तिथे ‘टॅबलेट पाहिजे’ असं सांगण्याऐवजी काय करायचं आहे ते सांगा: मुलीचे संदेश वाचायचे आहेत, दवाखान्याला ईमेल करायचा आहे. साधन त्यावरून ठरतं. प्रशिक्षण टाळू नका; शिकवणी न घेतलेले ब्रेल डिस्प्ले बहुधा कपाटातच राहतात.

लाइफलाइन थोडक्यात: महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत सूट, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत, घरामागे एकच, दरवर्षी पात्रता पुन्हा तपासली जाते. इंटरनेटसाठीची एसीपी सूट १ जून २०२४ ला संपली. तिच्या जुन्या जाहिराती अजून फिरतात, त्यात वेळ घालवू नका.

वापरताना

समोरासमोर बसलेल्या दोघांना व्हीआरएस वापरता येत नाही. दवाखान्यात डॉक्टरसमोर फोन उघडून दुभाष्याला बोलावलं तर तो कॉल बंद करेल, आणि ते योग्यच आहे, कारण फंड फक्त फोनच्या संभाषणाचे पैसे देतो. दवाखान्यातला दुभाषी दवाखान्यानेच स्वतःच्या खर्चाने द्यायचा असतो. वेळ घेतानाच तो मागा आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव लिहून ठेवा.

बँका आणि दवाखाने रिलेचा कॉल जाहिरात समजून फोन ठेवतात. न्याय विभागाच्या नियमाप्रमाणे व्यवसायांनी असे कॉल इतर कॉलसारखेच घ्यायला हवेत. ‘तिसऱ्या माणसाला माहिती देता येत नाही’ असं कुणी म्हणालं तर सांगा: ऑपरेटर केंद्रीय नियमाने गुप्ततेला बांधलेला आहे, तो संभाषणाची नोंद ठेवत नाही आणि वैद्यकीय गोपनीयतेच्या कायद्यातही रिले चालते.

९११ या आणीबाणीच्या क्रमांकासाठी ७११ वर वेळ घालवू नका, थेट ९११ लावा. व्हीआरएस किंवा आयपी रिलेवरून लावलात तर नोंदलेला पत्ता पुढे जातो, म्हणून घर बदललं त्याच दिवशी पत्ता बदला. ९११ ला संदेश पाठवणं सगळीकडे चालत नाही. चालत नसेल तर तसं उत्तर परत येतं, आणि ते आलं की लगेच कॉलचा मार्ग धरायचा. आपल्या गावात ते चालतं का, हे आधीच पोलिसांच्या बिगर-आणीबाणीच्या क्रमांकावर विचारून ठेवा.

सेवेबद्दल तक्रार असेल तर आधी कंपनीकडे लेखी, मग एफसीसीकडे. तारीख, वेळ, ऑपरेटरचा क्रमांक आणि काय झालं हे चार तपशील हवेत. ऑपरेटर कॉलच्या सुरुवातीला आपला क्रमांक सांगतो, तो तिथेच टिपून घ्या. फोन किंवा अ‍ॅपच अपंग व्यक्तीला वापरता येत नसेल तर ती वेगळी तक्रार: एफसीसीच्या अपंगहक्क विभागाकडे ‘वादमदतीची विनंती’ करायची. तिला शुल्क नाही, आणि तोडगा काढण्यासाठी किमान ३० दिवस तो विभाग तुमच्या आणि कंपनीच्या मध्ये बसतो. अनौपचारिक (इन्फॉर्मल) तक्रार त्याआधी दाखल होत नाही.